बॉम्बर मायदेशी परतले, तळ मात्र वाढले

प्रश्न असा आहे. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये पॅसिफिक महासागरातल्या आपल्या ग्वाम बेटावरची बॉम्बर विमानांची सोळा वर्षांची अखंड हजेरी संपवली. पुढे २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये बी-२ बॉम्बर विमानं हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सियावर नेऊन ठेवली. जूनमध्ये इराणवर प्रत्यक्ष हल्ला केला तो मात्र मिझुरी राज्यातल्या व्हाइटमन तळावरून. मग परदेशातले तळ हवेत की नकोत? आणि उद्या असा तळ भारतात मागितला तर?

मी वायुदलात वैमानिक नव्हतो. इंधन, धावपट्टी, शस्त्रसाठा ही तळाची बाजू सांभाळण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे उत्तरही जमिनीवरून देतो. विमान रात्री कुठे उभं राहतं आणि ते कशाच्या जोरावर लढतं, या दोन गोष्टी आपण एकच समजतो, तिथे घोटाळा होतो. गेल्या सत्तर वर्षांत अमेरिकेने पहिली गोष्ट तीन-चार वेळा बदलली. दुसरी फारशी बदललेलीच नाही.

सुरुवात १९५० च्या दशकापासून करावी लागेल, कारण आजचा सगळा वाद तेव्हा एकदा होऊन गेला आहे. अमेरिकेच्या स्ट्रॅटेजिक एअर कमांडकडे, म्हणजे अण्वस्त्रधारी बॉम्बर सांभाळणाऱ्या विभागाकडे, बी-४७ हे जेट बॉम्बर मोठ्या संख्येने होतं. वेगवान विमान, पण पल्ला अपुरा. अमेरिकेतून उडून सोव्हिएत लक्ष्य गाठायचं आणि परतायचं हे त्याला स्वतःच्या इंधनावर जमत नव्हतं. म्हणून शत्रूच्या जवळ तळ शोधले गेले: इंग्लंड, ग्रीनलंडमधलं थुले, मोरोक्कोतले नुआसर, सिदी स्लिमान आणि बेन गेरीर, आणि १९५३ च्या करारानंतर स्पेन. पूर्ण विंग, म्हणजे विमानांची अख्खी तुकडी, नव्वद-नव्वद दिवसांसाठी तिकडे जाऊन राहायची.

१९५४ मध्ये रँड या संशोधन संस्थेत अल्बर्ट वोलस्टेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशोब मांडला आणि या रचनेतली खोट दाखवली. आपण शत्रूच्या जितके जवळ, तितका शत्रूही आपल्या जवळ. हारीने उभी असलेली विमानं, उघड्यावरच्या इंधनटाक्या आणि मोजक्या धावपट्ट्या पहिल्याच हल्ल्यात गेल्या, तर प्रतिहल्ल्याला उरतं काय? बॉम्बर अमेरिकेतच ठेवा आणि परदेशी तळ फक्त वाटेत इंधन भरायला वापरा, असं त्यांनी सुचवलं. माझ्या मते बॉम्बरच्या तळांबद्दल झालेला हा सर्वांत महत्त्वाचा विचार आहे. २०२० चा ग्वामचा निर्णय वाचताना मला तोच तर्क पुन्हा दिसला.

तो तर्क अंमलात यायला वेळ लागला. १९५७ पासून पूर्ण विंग पाठवणं थांबवून थोडी विमानं साधारण तीन आठवड्यांसाठी, अण्वस्त्रं चढवून, उड्डाणाच्या तयारीत परदेशी तळावर ठेवायला सुरुवात झाली. याला ‘रिफ्लेक्स’ म्हणत. यात धोका काय होता ते जानेवारी १९५८ मध्ये सिदी स्लिमानला दिसलं. अण्वस्त्र पोटात असलेल्या बी-४७ ने धावपट्टीवरच पेट घेतला. आण्विक स्फोट झाला नाही, पण दुसऱ्याच्या देशात असं काही घडतं तेव्हा त्याचा परिणाम विमानापुरता राहत नाही. मोरोक्को १९५६ मध्ये स्वतंत्र झालाच होता. तिथले तळ १९६३ अखेर सोडायचं अमेरिकेने मान्य केलं. तोवर लांब पल्ल्याचं बी-५२ बॉम्बर आणि त्याला हवेत इंधन देणारं केसी-१३५ टँकर विमान ही जोडी हाताशी आली होती, आंतरखंडीय क्षेपणास्त्रंही आली होती, म्हणून हे जाणं झेपलं.

मग व्हिएतनामने सगळं गणित उलटं केलं. अण्वस्त्राची मोहीम एकदाच करायची असते. साध्या बॉम्बची रोज. जून १९६५ मध्ये ग्वामच्या अँडरसन तळावरून बी-५२ विमानं व्हिएतनामवर जाऊ लागली. एक फेरी बारा तासांच्या आसपास, आणि वाटेत ओकिनावाहून आलेल्या टँकरकडून हवेत इंधन. १९६७ पासून थायलंडमधलं उटापाओ मिळालं आणि तीच फेरी तीन-चार तासांवर आली, टँकरही लागेनासा झाला. तेच विमान, तेच कर्मचारी, पण जवळच्या तळावरून दिवसागणिक कितीतरी जास्त सॉर्टी, म्हणजे मोहिमेची उड्डाणं, निघतात. डिसेंबर १९७२ च्या अकरा दिवसांच्या बॉम्बवर्षावात एकट्या अँडरसनवर दीडशेच्या आसपास बी-५२ उभी होती. अशा गर्दीत एक विमान बिघडून टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अडकलं तर मागची रांग थांबते. तिथल्या ग्राउंड क्रूने ते अकरा दिवस कसे काढले असतील, याचा अंदाज तळावर काम केलेल्या माणसालाच येईल.

बी-५२ च्या पोटात आणि पंखांत मिळून सुमारे १ लाख ८० हजार लिटर इंधन मावतं, म्हणजे वजनात १४० टनांच्या वर. केसी-१३५ टँकर स्वतः सगळं मिळून ९० टन उचलतो आणि त्यातलं बरंच त्यालाच उडायला लागतं. अंतर वाढलं की लागणारे टँकर त्याच प्रमाणात वाढत नाहीत, त्याहून भराभर वाढतात, कारण पुढे जाणाऱ्या टँकरला मागच्या टँकरने इंधन द्यावं लागतं. याचं सर्वांत लख्ख उदाहरण ब्रिटिशांचं आहे. १९८२ च्या फॉकलंड युद्धात अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावरून फॉकलंडच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकायला एक व्हल्कन विमान पाठवायचं होतं. जाऊन-येऊन सोळा तासांच्या त्या मोहिमेसाठी ११ व्हिक्टर टँकर उडवावे लागले. लक्ष्यावर पोचलेलं बॉम्बर एकच.

म्हणून ‘व्हाइटमनवरून थेट हल्ला’ हे शब्द मी जपून वाचतो. जून २०२५ मध्ये सात बी-२ विमानं जाऊन-येऊन सुमारे ३७ तास उडाली आणि प्रत्येकी १३.६ टनांचे १४ बॉम्ब त्यांनी टाकले. कामगिरी अचाट होती यात शंका नाही. पण त्या मोहिमेत एकूण १२५ हून अधिक विमानं होती आणि त्यांत टँकर डझनांनी. त्याआधीच्या काही दिवसांत तीसेक टँकर अटलांटिक ओलांडून युरोपात उतरल्याचं साऱ्या जगाने पाहिलं होतं. बॉम्बर मिझुरीत झोपले असतील, पण ती मोहीम परदेशी धावपट्ट्यांशिवाय झाली असं म्हणता येणार नाही. शिवाय असा हल्ला एकदा होतो. १९९१ मध्ये लुइझियानातल्या बार्क्सडेलहून सात बी-५२ पस्तीस तास उडून इराकवर क्रूझ क्षेपणास्त्रं सोडून परतली, २००१ मध्ये एका बी-२ ने अफगाणिस्तानची ४४ तासांची मोहीम केली. पण त्याच दोन युद्धांत रोजचा मारा दिएगो गार्सियासारख्या जवळच्या तळांवरून झाला. पहिल्या रात्रीचा धक्का घरून देता येतो, महिनाभराचं युद्ध घरून चालत नाही.

आता ग्वाम. २००४ पासून तिथे बी-५२, बी-१ आणि बी-२ आळीपाळीने, साधारण सहा-सहा महिन्यांसाठी येत राहिले. आशियातल्या मित्रदेशांना धीर आणि उत्तर कोरियाला इशारा, असा दुहेरी हेतू. तो बराच काळ साधला. मग दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे चीनचं डीएफ-२६ क्षेपणास्त्र. पल्ला सुमारे ४,००० किमी, आणि २०१५ च्या बीजिंग संचलनात ते उघडपणे दाखवलं गेलं. चीनच्या किनाऱ्यापासून ग्वाम ३,००० किमीच्या आत-बाहेर आहे. अँडरसनच्या दोन समांतर धावपट्ट्या, पार्किंगच्या जागा, टाक्या, सगळ्यांचे नकाशे चीनकडे असणार हे उघड आहे; स्थिर वस्तू लपवता येत नाही. त्यावर विमानंही ठरल्या वेळी येणार आणि ठरल्या वेळी जाणार असतील, तर शत्रूला फक्त वेळापत्रक पाळायचं उरतं.

दुसरी गोष्ट कमी चर्चेत येते, मला ती तितकीच मोठी वाटते: झीज. कायमची हजेरी म्हणजे फक्त ग्वामला उभी असलेली सहा विमानं नव्हेत. सहा तिथे, सहा जायच्या तयारीत, सहा नुकती परतलेली आणि दुरुस्तीत. पश्चिम आशियात वर्षानुवर्षं वापरलेल्या बी-१ चा ताफा २०१९ पर्यंत इतका थकला की उड्डाणक्षम विमानांची संख्या काळजी करण्यासारखी खाली आली. २०२१ मध्ये ६२ पैकी १७ बी-१ निवृत्त केली आणि सुटे भाग, माणसं उरलेल्या ४५ कडे वळवली. बी-५२ ची संख्या ७६, बी-२ आता १९. साऱ्या जगासाठी दीडशेहूनही कमी बॉम्बर. एवढ्या तुटपुंज्या ताफ्यातली विमानं एकाच बेटावर सतत झिजवणं परवडणारं नव्हतं.

२०१८ च्या अमेरिकी संरक्षण धोरणाने यावर सूत्र दिलं: धोरण अंदाज येण्याजोगं ठेवा, हालचाली मात्र अंदाजाबाहेरच्या. त्यानुसार १७ एप्रिल २०२० ला पाच बी-५२ ग्वामहून नॉर्थ डकोटातल्या मायनॉटला परतली. अनेकांनी याला माघार म्हटलं. पण दोनच आठवड्यांत, १ मे ला, टेक्सासच्या डायेस तळावरून चार बी-१ ग्वामला उतरली होती. फरक इतकाच की आता ती ‘बॉम्बर टास्क फोर्स’ म्हणून आली: थोडी विमानं, दोनशेच्या आसपास माणसं, काही आठवडे मुक्काम, आणि पुढच्या वेळी ग्वामच असेल असं नाही.

त्यानंतर ही विमानं कुठे कुठे उतरली ते पाहा. २०२१ मध्ये नॉर्वेच्या ओरलांडला बी-१, त्याच वर्षी आइसलंडच्या केफ्लाविकला बी-२. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अँबरलीला बी-२. ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण कोरियाच्या चोंगजूला बी-५२. २०२४ मध्ये स्वीडनच्या लुलेओला बी-१ आणि रुमानियात बी-५२. एप्रिल २०२५ मध्ये जपानच्या मिसावाला बी-१. विमानं मायदेशी गेली आणि तळांची यादी लांबली, ती अशी.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात नव्या तळावर बॉम्बर उतरवायचा म्हणजे नुसती लांब धावपट्टी असून भागत नाही. बी-५२ चं पूर्ण भरलेलं वजन २२० टनांच्या वर जातं. एवढा भार धावपट्टी पेलेल, पण पार्किंगचं आणि टॅक्सीवेचं काँक्रीट पेलेलच असं नाही. पंखांचा विस्तार ५६ मीटर, आणि पंखांच्या टोकांजवळ छोटी आधाराची चाकं. टॅक्सीवे अरुंद असेल तर ती चाकं कडेच्या मातीत जातात. बॉम्बचा साठा वस्तीपासून, इंधनापासून आणि इतर विमानांपासून ठरलेल्या अंतरावर ठेवावा लागतो. एवढी मोकळी जागा बहुतेक तळांवर नसते, म्हणून बऱ्याच टास्क फोर्स बॉम्बशिवाय किंवा मोजक्या शस्त्रांनिशी येतात. ऑक्सिजन, नायट्रोजन, टायर, इंजिन बदलायची क्रेन, या सगळ्यासाठी सी-१७ मालवाहू विमानांच्या वेगळ्या फेऱ्या लागतात.

हवामानाचंही बघावं लागतं. २३ फेब्रुवारी २००८ ला अँडरसनवरच एक बी-२ उड्डाण करतानाच कोसळलं. ग्वामच्या दमट हवेत विमानाच्या हवेचा दाब मोजणाऱ्या संवेदकांत ओलावा शिरला होता. त्या अवस्थेत त्यांचं कॅलिब्रेशन, म्हणजे मापन जुळवून घेणं, केलं गेलं, संगणकाने चुकीचे आकडे खरे मानले आणि विमानाने नाक नको तितकं वर घेतलं. दोन्ही वैमानिक बाहेर पडून वाचले. जगातलं सर्वांत महागडं विमान, आणि त्याचा घात केला पाण्याच्या थेंबांनी. या घटनेचा अभ्यास तळ चालवणाऱ्या प्रत्येकाने करावा असं मला मनापासून वाटतं. बी-२ साठी वातानुकूलित निवारे लागतात आणि ते मोजक्याच ठिकाणी आहेत, दिएगो गार्सिया त्यांपैकी एक. म्हणून बी-२ कुठेही नेता येतं हे म्हणणं फसवं आहे. ते उतरतं बऱ्याच ठिकाणी, राहतं फार थोड्या ठिकाणी.

इंधनाच्या बाबतीतही तोच बदल चालू आहे, पण तिकडे फारसं कुणाचं लक्ष नाही. हवाईमधल्या रेड हिल इथे डोंगराच्या पोटात दुसऱ्या महायुद्धातल्या वीस प्रचंड टाक्या होत्या, पॅसिफिकचा मुख्य साठा. २०२१ मध्ये तिथल्या गळतीने पिण्याचं पाणी दूषित झालं, कुटुंबं आजारी पडली आणि २०२२ मध्ये तो साठा कायमचा बंद करायचं ठरलं. एकाच जागी सगळं ठेवण्यापेक्षा अनेक ठिकाणी आणि जहाजांवर विखरून ठेवायचं धोरण मग पुढे आलं. डार्विनजवळ ३० कोटी लिटरच्या साठ्याचं काम हाती घेतलं गेलं. डार्विनच्या दक्षिणेला टिंडल तळावर सहा बी-५२ उभी राहतील एवढी पार्किंग जागा आखली आहे. टिनियन बेटावर, जिथून १९४५ मध्ये अणुबॉम्ब घेऊन बी-२९ निघाले, ते जुनं नॉर्थ फील्ड जंगल तोडून पुन्हा उघडलं जात आहे. अमेरिकेचा खरा विचार समजून घ्यायचा असेल तर विमानांच्या बातम्यांपेक्षा अशा बांधकामांकडे बघावं. विमान एका रात्रीत हलतं, टाकी बांधायला वर्षं लागतात.

‘घरी ठेवा, सुरक्षित राहील’ हा वोलस्टेटर यांच्या तर्कातला पाया मात्र आता हलला आहे. १ जून २०२५ ला युक्रेनने ट्रकमधून सोडलेल्या छोट्या ड्रोननी रशियाच्या बॉम्बर तळांवर हल्ला केला. सैबेरियातला बेलाया तळ युक्रेनपासून ४,००० किमीहून दूर. तिथली तू-२२एम विमानं आणि आर्क्टिकमधल्या ओलेन्यावरची तू-९५ जमिनीवरच जळाली. युक्रेनने ४१ विमानांचा दावा केला, उपग्रहचित्रांत त्याहून बरीच कमी दिसली, पण त्यातली तू-९५ आणि तू-२२एम आता कुठल्याच कारखान्यात तयार होत नाहीत. त्याआधी २०२२ च्या डिसेंबरमध्ये एंगेल्स या रशियाच्या बॉम्बर तळावर ड्रोन आले तेव्हा रशियाने विमानं दूर उत्तरेला हलवली होती. अंतर हाच बचाव मानला गेला, आणि तो पुरला नाही. अमेरिकेचे बॉम्बरही मायदेशी पाच-सहा तळांवर, बहुतेक उघड्यावर उभे असतात. डोक्यावर छप्पर असलेले निवारे आणि ड्रोनविरोधी पहारा यांवर खर्च करण्याखेरीज त्यांना गत्यंतर नाही असं माझं ठाम मत आहे.

तळ कितीही पक्का असला तरी मालकाची परवानगी हा भाग उरतोच. नोव्हेंबर १९६८ मध्ये ओकिनावाच्या काडेनावर एक बी-५२ कोसळून पेटलं. तिथल्या लोकांनी इतकं मोठं आंदोलन केलं की पुढच्या दोन वर्षांत बी-५२ तिथून हलवावी लागली. उटापाओ १९७६ मध्ये थायलंडच्या सांगण्यावरून सोडावं लागलं. रशियालाही हा अनुभव आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये त्याची तू-२२एम३ विमानं इराणच्या हमादानहून सीरियावर जाऊ लागली, मॉस्कोने त्याचा गाजावाजा केला आणि आठवड्याभरात इराणने ते थांबवलं. दिएगो गार्सियासाठी तर १९६८ ते १९७३ दरम्यान शेकडो चागोसवासी कुटुंबांना त्यांच्या बेटांवरून हुसकावण्यात आलं. तळाची सोय मोजताना ही किंमत बाजूला ठेवणं मला मान्य नाही. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशस यांनी केलेल्या करारात बेटांचं सार्वभौमत्व मॉरिशसला आणि तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर ब्रिटनकडे, अशी मांडणी आहे.

आता भारत. कन्याकुमारीपासून दिएगो गार्सिया सुमारे १,८०० किमीवर आहे, म्हणून हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. आणि बॉम्बरचा परदेशी तळ म्हणजे काय हे आपल्या भूमीने पाहिलंही आहे. १९४४ मध्ये अमेरिकेचे बी-२९ खरगपूर, चाकुलिया, पियारडोबा आणि दुधकुंडी इथे राहत. हिजलीच्या बंदिवास छावणीची इमारत त्यांचं मुख्यालय होती. आज तिथे आयआयटी आहे. जपान गाठायला ही विमानं चीनमधल्या चेंगडूला थांबत, आणि तिथलं इंधन हिमालयावरून विमानांनीच न्यावं लागे. एका हल्ल्याचं इंधन साठवायला अनेक फेऱ्या. १५ जून १९४४ च्या जपानमधल्या यावातावरच्या हल्ल्यात ४७ विमानांनी बॉम्ब टाकले आणि नुकसान नगण्य झालं. पॅसिफिकमधली मारियाना बेटं मिळताच, जिथे टँकरजहाज थेट किनाऱ्याला लागतं, तिथे हा सगळा पसारा १९४५ मध्ये हलवला. आपल्या वायुदलालाही याची थोडी चव आहे: १९६१ मध्ये पाच नंबर स्क्वाड्रनची सहा कॅनबेरा विमानं संयुक्त राष्ट्रांच्या वतीने काँगोतल्या कामिना तळावरून लढली होती.

२०२१ च्या एरो इंडियात बी-१बी बंगळुरूच्या आकाशात दिसलं, एप्रिल २०२३ च्या कोप इंडिया या भारत-अमेरिका हवाई सरावातही ही विमानं आली. तेव्हापासून ‘अमेरिकेला भारतात तळ हवाय’ अशी चर्चा अधूनमधून उठते. ऑगस्ट २०१६ मध्ये मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांच्या वॉशिंग्टन भेटीत झालेला लेमोआ करार त्यासाठी पुरावा म्हणून दाखवला जातो. तो करार इंधन, दुरुस्ती, रसद यांच्या देवाणघेवाणीचा आणि हिशोब चुकता करण्याचा आहे; त्यात तळ देण्याचं बंधन नाही हे सरकारने तेव्हाच स्पष्ट केलं. सरावाला आलेल्या किंवा मदतकार्यावरच्या विमानाला इंधन देणं वेगळं. बॉम्बचा साठा ठेवू देणं आणि इथून तिसऱ्या देशावर उड्डाण होऊ देणं म्हणजे त्या युद्धात आपणही उतरणं. पहिलं प्रसंग पाहून द्यावं. दुसऱ्याला नकारच असावा असं मला वाटतं, कारण डीएफ-२६ सारख्या क्षेपणास्त्राच्या टप्प्यात आपले तळ आधीच आहेत आणि तिथल्या धावपट्ट्या, निवारे, टाक्या अडीअडचणीला आपल्याच सुखोई-राफेलना कमी पडतील. कुणी मागणी घेऊन आलंच तर पहिला प्रश्न विमानं किती हा विचारू नये. बॉम्ब कुठे ठेवणार, इंधन कुणाच्या टाकीतून घेणार आणि उड्डाणाचा हुकूम कोण देणार, हे तीन विचारावेत.